इस्माईलभाई, मैदान कशाला म्हणावे?

इस्माईलभाई,

आज शनिवार. शाळा सकाळची होती. घंटा झाली, मुले पांगली, मी फळा पुसला आणि सवयीने छत्री उचलून स्टेशनच्या रस्त्याला लागलो. पानाच्या दुकानापर्यंत गेल्यावर ध्यानात आले की तुम्हाला माती देऊन चार दिवस होत आले. पानवाल्याने मला पाहिले आणि विचारावे की विचारू नये अशा विचाराने तो सुपारी कातरत राहिला. मी परत फिरलो आणि हे लिहावयास बसलो.

प्रथम आपला क्रम सांगतो. क्रमावाचून मला काही सांगता येत नाही हे तुम्ही जाणताच. तुम्ही मणियार. बांगड्यांची पेटी घेऊन बाजारोबाजार हिंडणे हा तुमचा धंदा. मी शाळामास्तर, शनिवारी दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत मोकळा. एका शनिवारी नवापूरच्या गाडीत आपण समोरासमोर बसलो होतो. तुम्ही बाजाराला निघाला होता आणि मी रेल्वेच्या माणसांचा फुटबॉलचा सामना पाहावयास. तुम्ही विचारले, "मास्तर, इतला लांब चेंडू दखाले जातस?" मी हो म्हटले. तुम्ही थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणालात, "चाला, मी बी येस. बाजार काय पळी जास नही." त्या दिवशी बाजार खरोखरच पळाला नाही, पण तुम्ही मात्र त्याच्याकडे फिरकला नाहीत.

त्यानंतर आपले शनिवार-रविवार ठरून गेले. ज्या गावी तुमचा बाजार, त्या गावी खेळ आहे का याची मी चौकशी करावी. ज्या गावी खेळ, तिथे बाजार नसला तरी तुम्ही पेटी घेऊन यावे. मोठ्या शहरांतले सामने आपण कधी पाहिले नाहीत आणि पाहावेसे वाटलेही नाहीत. आपल्याला हवी होती ती लहान मैदाने. नवापूरला रुळांलगतची जागा होती. तिथे इंजिनाने शिट्टी दिली की अर्धे गडी पंचाची समजून उभे राहत आणि उरलेले अर्धे त्या अवधीत गोल करीत. विसरवाडीला पडीत रानात खेळ चाले आणि मधूनच गाडीवाट गेलेली. गाड्यांची रांग आली की खेळ थांबे, बैल शांतपणे मैदान ओलांडीत, एखादा गाडीवान उतरून चेंडूला एक लाथ मारून घेई आणि मग पुन्हा सुरुवात. एकदा तर शेवटच्या गाडीवरच्या माणसाने लाथ मारली ती थेट गोलात. तो गोल धरावा की नाही यावर गावात इतका वाद झाला की पुढचा खेळ राहूनच गेला. तुम्ही त्या गाडीवानाला हात धरून आणलेत, सर्वांपुढे उभे केलेत आणि म्हणालात, "भाऊ, तू कोनाकडथून खेळस ते सांगी टाक." त्याने डोके खाजवून सांगितले, "मी ते कापूस लई जाई ऱ्हायनू." सारे मैदान हसले. मीही हसलो, पण पंच असतो तर तो गोल दिला नसता, हे तेव्हाही म्हणालो होतो.

सामना पाहण्याची आपली रीत निरनिराळी होती. मी मध्यरेषेपाशी उभा राहणार, हातात घड्याळ. कारण तिथून दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि न्यायाने पाहणाऱ्याने तिथेच उभे राहावे असे माझे मत. तुम्ही मात्र जो संघ हरत असेल त्याच्या गोलकीपरच्या पाठीमागे. मी कारण विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "हारनारा गडीना मांगे कोनी उभं ऱ्हास नही, मास्तर." आणि नुसते उभे राहत नव्हता, बोलत होता. नवापूरच्या एका जाड्या गोलकीपरला, तो लागोपाठ गोल खात असताना, तुम्ही त्याच्या सासुरवाडीची चौकशी करताना मी स्वतः ऐकले आहे. तो चिडून म्हणाला, "चाचा, चेंडू येई ऱ्हायना!" आणि तुम्ही म्हणालात, "येऊ दे. तो काय पहिलांदा येई ऱ्हायना?" त्या माणसाला हसू फुटले आणि हसत हसत त्याने तो चेंडू अडवला. मग त्याने मागे वळून पाहिले, तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षाही गंभीर चेहरा करून उभे होता.

यामुळे होई असे की आपण एकच सामना पाहूनही दोन सामने पाहिलेले असत. परतीच्या वाटेवर ते जोडावे लागत. चेंडू कोणी, कुठून, कोणाकडे दिला ते मी सांगावे. गोल खाताना कोणाचे डोळे मिटले, कोणी आईचे नाव घेतले ते तुम्ही सांगावे. गाडी नंदुरबारला शिरेपर्यंत सामना पुरा होई. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की एका वस्तूचे चित्र काढावयाचे तर ती दोन बाजूंनी पाहावी. हे मी कोणाकडून शिकलो ते मात्र वर्गात कधी सांगितले नाही. ते इथे लिहून ठेवतो.

नियम समजावण्याची तुमची पद्धत मला कधीच मान्य झाली नाही. ऑफसाईड म्हणजे काय हे मी काड्या मांडून समजावीत असे. तुम्ही त्या काड्या गोळा करीत आणि भोवतीच्या लोकांना सांगत, "न्योता येवाना पहिले पंगतमां जाई बठेल मानूस, तो ऑफसाईड." हे अपुरे आहे, प्रतिपक्षाचे किती गडी पुढे आहेत याचा त्यात विचारच नाही. परंतु विसरवाडीच्या मैदानावर ज्याच्या-त्याच्या तोंडी तेच झाले आणि पुढे एकदा ऑफसाईड झालेल्या गड्याला सगळे ओरडू लागले, "ऊठ, ऊठ पंगतमधून!"

आता आपल्या मुख्य वादाकडे वळतो.

आपल्या भागात जिथे जिथे फुटबॉल खेळला जातो ते प्रत्येक मैदान पाहावयाचे, असा तुमचा निश्चय होता. तो कधी केलात ते मला आठवत नाही, एकाएकी तुम्ही "आते कितला ऱ्हायनात?" असे विचारू लागलात आणि मी उत्तर देऊ लागलो. परंतु मैदान कशाला म्हणावे यावर आपले एकमत होईना. माझी व्याख्या साधी होती: जागा सपाट असावी, हद्द आखलेली असावी, आणि दोन्ही टोकांना दोन उभे खांब व त्यांवर आडवी पट्टी असावी. पट्टी नसेल तर उंचावरून गेलेला चेंडू गोल की नाही हे कोण ठरवणार? तुमची व्याख्या त्याहून साधी. "पोरे खेळी ऱ्हायनात, लोके दखी ऱ्हायनात. आखो काय जोयजे?" याहून अधिक काय हवे, असा तुमचा सवाल. मी म्हणत असे, "मग नदीचे पात्रही मैदान, खळेही मैदान." तुम्ही म्हणत, "शेच ना!" सपाटीचा हट्ट मी विसरवाडीच्या खळग्यांनंतर सोडला. हद्दीचा हट्ट एका ठिकाणी बाभळीच्या रांगेला हद्द मानून सोडला. आडव्या पट्टीचा मात्र सोडला नाही.

शेवटी राहिले ते धडगाव. सातपुड्यात, घाट चढून वर. तिथे कचेरीतली माणसे आणि जंगलखात्याचे रखवालदार फुटबॉल खेळतात आणि आता डोंगरातल्या पाड्यांवरच्या तरुणांनीही आपला संघ केला आहे, अशी बातमी तुम्हीच बाजारातून आणलीत. त्या संघाचा पुढारी दामजी. तुमच्याकडून बायकोसाठी बांगड्या नेणारा. पण तेव्हा तुमचा दमा वाढला होता. हकिमांनी घाट चढू नका म्हणून बजावले होते. हमिदाभाभींनी मला तुमच्या घराच्या दारात उभे करून सांगितले, "मास्तर, तुम्ही शाना मानूस शेतस. त्यासले सांगा." मी तुम्हाला सांगितले. तुम्ही ऐकून घेतले आणि म्हणालात, "सगळा व्हयनात, एक ऱ्हायना. अशी माळ पुरी करतस का कोनी?" होळीच्या सुटीत जावयाचे ठरले.

दिवस मी ठरवला आणि त्यातच घोटाळा झाला. काठी गावची राजवाडी होळी पेटली की डोंगरातली होळी आटोपली, असे आम्हा सपाटीवरच्यांना वाटते. म्हणून मी दामजीला निरोप धाडला तो काठीच्या होळीनंतरच्या रविवारचा. परंतु डोंगरात गावोगावची होळी आपापल्या पाळीने पेटते. दामजीच्या गावची अजून व्हावयाची होती. तो नकार देऊ शकला असता. तुम्ही दमा घेऊन वर येणार म्हटल्यावर त्याने दिला नाही.

घाटात तुम्हाला तट्टावर बसवले होते. तट्टू आणि तुम्ही दोघेही धापा टाकीत होता आणि थांबाल तिथे तुम्ही तट्टाचीच समजूत घालीत होता. वर पोहोचलो. मैदान पाहिले. एका बाजूने दुसऱ्या बाजूला चांगला उतार. खांब सागाच्या कच्च्या फांद्यांचे. आडवी पट्टी नाही. मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलेच नाही.

मग दामजीचे गडी आले, आणि दुरूनच आले ते कळले, कारण त्यांतले निम्मे होळीच्या व्रतातले होते: कमरेला घुंगरांचा पट्टा, वाळक्या भोपळ्यांची माळ, अंगावर राखेचे ठिपके. व्रतातला माणूस जमिनीवर निजतो, अनवाणी हिंडतो आणि होळी पेटेपर्यंत कमरेचे काढीत नाही. कचेरीच्या संघाचे पुढारी, एक हेडकारकून, माझ्याकडे आले. पंच मीच होतो. म्हणाले, "मास्तर, हे काय? भोपळा लागून कोणाचे नाक फुटले तर? सोडायला सांगा, नाहीतर खेळ नाही." त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. दुसऱ्याला इजा होईल असे काही अंगावर असू नये. मी दामजीला तसे सांगितले. दामजी म्हणाला, "भोपळे काढतो. ते उद्या पुन्हा बांधू, म्हातारे रागावतील ते रागावतील. घुंगरू नाही सुटणार." हेडकारकून म्हणाले, "मग झालेच." दामजीचे गडी मुकाट्याने खाली बसले. बघावयास आलेल्या बायका, म्हातारे, सगळे डोंगर उतरून-चढून आलेले. आणि तुम्ही, हकिमांना आणि भाभींना फसवून आलेले.

तुम्ही तुमची पेटी उघडलीत.

बांगड्या फुटू नयेत म्हणून तुम्ही त्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत आणि कापसात गुंडाळून आणल्या होत्या. ती सगळी बांधणी तुम्ही सोडलीत. "दामजी, घुंगरू बांधेल ऱ्हावो. पन ते वाजालेच जोयजे, अशी काही आट शे का?" दामजी विचारात पडला. त्याने एका म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हातारा चिलीम बाजूला करून म्हणाला, "नाचताना वाजले पाहिजेत. हे कुठे नाचणे आहे?" तुम्ही एकेकाच्या कमरेला कापूस लावून वरून चिंध्या आवळू लागलात. हेडकारकुनांनी हात लावून चाचपून पाहिले. गादीसारखे मऊ. मीही चाचपले आणि शिट्टी दिली.

आता उघड्या बांगड्या घाटातून परत कशा न्यावयाच्या? तुम्ही त्या नेल्याच नाहीत. खेळ चालू असतानाच रेषेवर बसलेल्या बायकांच्या हातांत एकेक करून चढवीत गेलात. आणि मग मी असा प्रकार पाहिला की तो मला कोणत्याही शाळेत शिकवता येणार नाही: घुंगरू बांधलेले गडी कापसासारखे मुके धावत होते आणि चेंडू गोलाकडे गेला की सगळी रेष किणकिणत उठत होती. उताराच्या बाजूने खेळणारा प्रत्येक संघ गोल करीत होता, चढाच्या बाजूने कोणीच करीत नव्हते. त्यामुळे मध्यंतरानंतर सारे काही बरोबरीत आले. हेडकारकून घसरून आपटले तेव्हा दामजीनेच त्यांना उचलले आणि त्यांच्या कपड्यांवरची धूळ झटकताना त्याच्या हातची राख त्यांना लागली. ते तसेच पुढे खेळले.

बांगड्या संपताच तुम्ही अर्थात हरणाऱ्या संघाच्या गोलकीपरच्या मागे होता. बाजू बदलल्यावर त्याच्याबरोबर तुम्हीही बदललात. छाती धरून, पण चालत. शेवटचा चेंडू उंच गेला, खांबांच्या मधून, पण माझ्या मते पट्टी असती तर तिच्या वरून. तुम्ही दोन्ही हात वर केलेत. मी नाही म्हणून मान हलवली. त्यावर तुम्ही मैदानात आलात, पंचाशी हुज्जत घालणारा आपल्या भागातला पहिला बांगडीवाला! "मास्तर, पट्टीच नही शे, ते वर काय नि खाल काय?" मी म्हणालो, "म्हणूनच तर हे मैदान नाही, इस्माईलभाई." सगळे हसले. सामना बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघ एकाच मडक्यातले पाणी प्यायले. व्रतातले गडी तेवढे आपले आणलेले.

घाट उतरताना तुम्ही मैदानांच्या मोजणीचे विचारलेत, "मंग धरं का धडगाव?" मी म्हणालो, "नाही." पेटी रिकामी होती आणि तट्टू खुशीत होते. तुम्ही म्हणालात, "बरं शे. मंग आखो एक ऱ्हायना." दम लागत असतानाही तुम्ही गुणगुणत होता.

मागच्या शनिवारी मी तुमच्या खाटेपाशी बसलो होतो. ताप होता, बोलणे तुटत होते. हमिदाभाभी काढा करण्यासाठी आत गेल्या तेव्हा तुम्ही माझी बाही धरलीत. "मास्तर, धडगाव आते धरी टाका ना." मी तुमच्याकडे पाहिले आणि म्हणालो, "आडवी पट्टी नाही, इस्माईलभाई." तुम्हाला इतके हसू आले की खोकला आवरेना. भाभी धावत आल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही म्हातारा व्हयनात तरी पोरेच ऱ्हायनात! मरता मरता बी चेंडू?" तुम्ही मला डोळ्यांनीच सांगितलेत की भाभींना काही कळत नाही.

एक गोष्ट तेव्हा बोलता आली नाही. मी हट्टी आहे हे खरे. परंतु त्या दिवशी मी हट्टाने नाही म्हणालो नव्हतो. इतकी वर्षे मी ज्याला नाही म्हणत आलो त्याला तुमच्या खाटेशी बसून हो म्हटले असते, तर तुम्हाला कळले असते. मास्तर हरला म्हणजे आपले काही खरे नाही, हे तुम्ही ताबडतोब ओळखले असते. म्हणून पुढच्या होळीपर्यंत वाद चालू राहील अशा आवाजात मी उत्तर दिले. तुम्ही हसलात. त्या हसण्यासाठी मी तुमचा ऋणी आहे. त्याने मला नंतरचे दिवस निभावून नेले.

काल बाजाराला दामजी आला होता. तुमच्या ओट्यापाशी पेटी नाही हे पाहून तो शाळेत आला. वर्गाच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "इस्माईलचाचा कुठे गेला?" मी बाहेर आलो आणि सांगितले. तो पायरीवर बसला. मुलांनी आत गलका केला तरी मी त्यांना गप्प केले नाही.

मग तो म्हणाला, "मी त्याला सांगायला आलो होतो. पट्टी बसवली."

"कसली पट्टी?"

"गोलाची. पावसाळ्यात चाचाने निरोप दिला होता. मास्तर पट्टीशिवाय ऐकत नाही, बसवा म्हणून. बांबूची बसवली. दोन्हीकडे."

मी माझ्या सवयीने विचारले, "समतल आहे का?"

दामजी प्रामाणिक माणूस. म्हणाला, "नाही. बांबू तिरकाच बसला. एका बाजूला माझे डोके लागते, दुसऱ्या बाजूला हात पुरत नाही." आणि त्याने विचारले, "चालेल का? आता मैदान झाले का?"

इस्माईलभाई, तिरकी पट्टी नियमात बसत नाही. एका टोकाला गोल ठरणारा चेंडू दुसऱ्या टोकाला ठरणार नाही. हे सगळे मला त्या पायरीवर उभे असताना सुचले आणि ते सांगण्यासाठी मी तोंडही उघडले. पण समोरून वाद घालणारे कोणी नव्हते. नुसत्या माझ्याच बाजूने बोलायचे म्हटल्यावर तो मला वाद वाटेना.

मी तुमच्या बोलीत म्हणालो, "शे, दामजी. मैदान शे."

ते शब्द तोंडातून गेले आणि तुम्ही गेलात हे मला त्या क्षणी कळले. कबरीवर माती टाकताना कळले नव्हते. माझे डोळे भरून आले. दामजीच्या चेहऱ्यावर मात्र हसू पसरले, अगदी मोठे, जसे काम पुरे झाल्यावर पसरते. डोंगरातली माणसे आपल्या गेलेल्यांशी रोजचे बोलतात, पीक कसे आले तेही सांगतात. तो उठला, धोतर झटकले आणि मला सांगून गेला, "मग असा उभा काय राहिलास? त्याला सांग ना."

म्हणून सांगतो, इस्माईलभाई. धडगाव धरले.